विलॅमिटच्या खोऱ्यात पाच दिवस: गावोगावच्या बखरी आणि जमिनीचे कागद

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ऑरेगन राज्यात विलॅमिट नावाची नदी आहे. जोर 'लॅ'वर द्यायचा. 'विलामेट' म्हटलं की स्थानिक माणूस हसून दुरुस्त करतो. ती दक्षिणेकडून उत्तरेला वाहते आणि पोर्टलंडपाशी कोलंबिया नदीला मिळते. पश्चिमेला कोस्ट रेंज, पूर्वेला कॅस्केडचे डोंगर आणि मधे सुमारे २४० किलोमीटर लांबीचं सपाट, सुपीक खोरं. १८४०च्या दशकात बैल जुंपलेल्या वॅगनींचे तांडे दोन हजार मैल तुडवत आले ते या जमिनीसाठी. बीव्हरटन, हिल्सबरोकडे आज जी मराठी घरं आहेत तीही या खोऱ्याच्या उत्तर टोकालाच.

इथे दीड-दोन हजार वस्तीच्या गावालाही स्वतःचं इतिहासाचं पुस्तक असतं. कोण कधी आलं, कुठे उतरलं, पहिली शाळा, पहिली गिरणी, कोणाची मुलगी कोणाला दिली. आपल्याकडच्या कुळवृत्तांताला हे सगळ्यात जवळचं. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातला हा प्रवास त्या पुस्तकांसाठी होता.

ही पुस्तकं साधारण तीन पिढ्यांची असतात. पहिली १८७८ ते १८८५च्या आसपासची, जाडजूड, चामडी बांधणीची. ती वर्गणीवर निघत. प्रकाशकाचा माणूस शेतोशेत फिरायचा. जो पैसे भरील त्याचं चरित्र, आणि जास्त भरील त्याचा फोटो किंवा घराचं शिळाछाप चित्र. दुसरी पिढी १९२०-३०ची. म्हातारी माणसं जातील म्हणून घाईने नोंदवलेल्या त्यांच्या आठवणी. तिसरी अलीकडची, गावच्या इतिहास मंडळांनी काढलेली, बऱ्याचदा स्पायरल बांधणीची. दीडशे-दोनशे प्रती छापायच्या, संपल्या की संपल्या. मोल विचाराल तर या तिसऱ्या पिढीचं जास्त, कारण ती दुसरीकडे कुठे मिळत नाही. पहिल्या पिढीची बहुतेक पुस्तकं स्कॅन होऊन इंटरनेट आर्काइव्हवर फुकट पडलेली आहेत; त्यांच्यासाठी पेट्रोल जाळू नका.

दिवस पहिला: ऑरेगन सिटी

सकाळी खोऱ्यात धुकं होतं. दहाच्या पुढे ते उठलं आणि विलॅमिटचा धबधबा दिसला. उंची जेमतेम १२ मीटर, पण नदीच्या सगळ्या रुंदीभर पसरलेला, घोड्याच्या नालासारखा. या धबधब्यामुळेच गाव इथे वसलं, कारण बोटींना इथे थांबावंच लागायचं आणि गिरण्यांना पाणी आयतं मिळायचं. १८४४ साली ऑरेगन सिटीला शहराचा दर्जा मिळाला. रॉकी पर्वताच्या पश्चिमेला असा दर्जा मिळालेलं हे पहिलं गाव.

गावाचा खालचा भाग नदीकाठी, वरचा कड्यावर. दोहोंना जोडणारी सार्वजनिक लिफ्ट १९५५ची आहे. ४० मीटर चढते, तिकीट नाही. वर जॉन मॅक्लॉक्लिनचं घर आहे, १८४५-४६ला बांधलेलं. मुळात ते खाली नदीकाठी होतं. १९०९ साली अख्खंच्या अख्खं ओढून चढावरून वर आणलं.

मॅक्लॉक्लिन हा कातड्यांचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीचा इथला मुख्य अधिकारी, म्हणजे ब्रिटिशांचा माणूस. थकून-भागून आलेल्या अमेरिकन कुटुंबांना त्याने बियाणं, जनावरं, धान्य उधारीवर दिलं. गावोगावच्या पुस्तकांत हे कृतज्ञतेने लिहिलेलं सापडतं. पण १८५०च्या जमीन-कायद्याच्या अकराव्या कलमाने त्याचीच ऑरेगन सिटीची जमीन काढून घेतली, हे त्याच पुस्तकांत तेवढ्या ठसठशीतपणे येत नाही. तो १८५७ला वारला. जमीन वारसांना परत मिळाली १८६२ला. पुस्तक खोटं बोलत नाही. ते एका ठिकाणी थांबतं, आणि पुढचं कागदपत्रांत शोधावं लागतं. पाचही दिवस हेच दिसत राहिलं.

खालच्या बाजूला ऑरेगन ट्रेलच्या, म्हणजे वॅगनींच्या त्या दोन हजार मैलांच्या वाटेच्या, शेवटाचं माहिती केंद्र आहे. दुरून तीन प्रचंड वॅगनी उभ्या असाव्यात असं दिसतं. आतली सामानाची यादी वाचण्यासारखी. १८४५च्या एका मार्गदर्शिकेचं माणशी किमान माप असं: पीठ २०० पौंड, खारवलेलं डुकराचं मांस १५०, साखर २०, कॉफी १०, मीठ १०. म्हणजे मोठ्या माणसामागे पावणेदोनशे किलोच्या वर नुसतं खाणं. चौघांचं गणित करा, आणि वाटेत टाकून दिलेल्या पेट्या-कपाटांचे उल्लेख प्रत्येक कुटुंबाच्या आठवणीत का येतात ते कळतं.

पुढच्या दिवसांसाठी एक गोष्ट इथेच पक्की करून घ्या: डोनेशन लँड क्लेम, म्हणजे सरकारकडून फुकट जमिनीचा दावा. २७ सप्टेंबर १८५०चा कायदा. १ डिसेंबर १८५०पर्यंत इथे राहत असलेल्या एकट्या पुरुषाला ३२० एकर. लग्न झालेलं असेल किंवा त्या तारखेपासून वर्षाच्या आत झालं तर जोडप्याला ६४०, त्यातले निम्मे बायकोच्या स्वतःच्या नावावर. नंतर आलेल्यांना याच्या निम्मं. चार वर्षं राहायचं आणि कसायचं. १ डिसेंबर १८५५ला योजना बंद झाली. पात्र कोण? गोरे, आणि मूळ रहिवासी आई असलेले मिश्र वंशाचे पुरुष. काळ्या माणसांना जागा नव्हती.

त्या 'वर्षाच्या आत'मुळे १८५१ला लग्नांची झुंबड उडाली, आणि नवऱ्या मुली कधीकधी तेरा-चौदा वर्षांच्या. पुस्तकांत ही लग्नं प्रेमकथा म्हणून येतात. तारीख बघायची सवय लावून घ्या.

दिवस दुसरा: शँपोएग आणि सेंट पॉल

लिहितात शँपोएग, म्हणतात 'शँपूई'. नदीकाठचं हे गाव आज नाहीच. डिसेंबर १८६१च्या पुरात वाहून गेलं. पुन्हा उभं राहू बघत होतं ते १८९०च्या पुराने मिटवलं. आता इथे राज्य उद्यान आहे. गवतात गल्ल्यांच्या नावाचे खांब रोवलेत आणि मधे फक्त ओक. पावसाची भुरभुर सुरू होती. इथला पाऊस आपल्यासारखा कोसळत नाही, अंगावर बसतो. छत्री कोणी वापरत नाही. टोपीचं जाकीट हवं.

२ मे १८४३ला इथे सभा झाली आणि स्वतःचं सरकार स्थापन करायचं ठरलं. कारण फार जमिनीवरचं होतं. ईविंग यंग नावाचा माणूस १८३७ला कॅलिफोर्नियातून सहाशेच्या वर गुरं हाकत घेऊन आला होता. १८४१ला तो मेला. मृत्युपत्र नाही, वारस नाही. एवढी गुरं, पण वाटणी करायला कायदाच नाही! तिथून सभा सुरू झाल्या. पुढे लांडग्यांपासून गुरं वाचवायच्या निमित्ताने आणखी सभा, आणि शेवटी सरकार.

जवळपास प्रत्येक जुन्या पुस्तकात या सभेचं मतदान '५२ विरुद्ध ५०' असं दिलेलं असतं. सगळे रेघेच्या दोन बाजूंना उभे राहिले, आणि शेवटच्या क्षणी दोन फ्रेंच-कॅनेडियन, लूसिए आणि मात्यू, अमेरिकनांच्या बाजूला सरकले. १९०१ला इथे दगडी स्तंभ उभारला, त्यावर बावन्न नावं कोरली. जागा दाखवायला तेव्हा मात्यू हजर होता. पण सभेला अठ्ठावन्न वर्षं होऊन गेलेली. नावांची यादी आणि आकडा दोन्हीवर इतिहासकारांनी शंका घेतली आहे. तरी स्तंभ बघाच. आठवण दगडात कशी उतरते ते समोर दिसतं. आणि पुढे कुठल्याही पुस्तकात '५२-५०' दिसलं की समजायचं, लेखकाने हे आधीच्या पुस्तकावरून घेतलंय.

इथून सेंट पॉल पंधरा मिनिटांवर. हा सगळा पट्टा 'फ्रेंच प्रेअरी'. अमेरिकन वॅगनी येण्याच्या दहा-बारा वर्षं आधीपासून इथे कंपनीतून निवृत्त झालेले फ्रेंच-कॅनेडियन शेती करत होते, आणि त्यांच्या बायका इथल्याच जमातींतल्या. म्हणजे खोऱ्यातली पहिली शेतकरी घरं मिश्र होती. सेंट पॉलचं विटांचं चर्च १८४६चं, पॅसिफिक नॉर्थवेस्टमधलं सर्वात जुनं विटांचं चर्च. १९९३च्या भूकंपात त्याला तडे गेले; नंतर पुन्हा बांधून काढलं.

या पट्ट्यासाठी खरं पुस्तक म्हणजे चर्चच्या नोंदवह्या. बाप्तिस्मा, लग्न, दफन या सेंट पॉलच्या १८३९पासूनच्या फ्रेंच नोंदींचं इंग्रजी भाषांतर, हॅरिएट मनिक यांच्या टिपांसह, १९७९ला छापलं गेलं. त्यात बायकांची नावं जमातीसकट येतात. वर्गणीच्या पुस्तकात जी नुसती 'पत्नी' असते, ती इथे नाव घेऊन भेटते. आडनावांच्या स्पेलिंगची मात्र तयारी ठेवा. फ्रेंच आडनाव इंग्रज कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलेलं असतं. एका माणसासाठी चार-पाच स्पेलिंगं तपासावी लागतात.

सेंट पॉलच्या वाटेवर दोन्ही बाजूंना हेझलनटच्या बागा. सुगी ऐन भरात होती. हे फळ झाडावरून तोडत नाहीत. पिकलं की आपणच गळतं. मग झाडणीचं बुटकं यंत्र दोन ओळींच्या मधे त्याची लांब रास करतं आणि मागून दुसरं यंत्र ती शोषून घेतं. पाऊस लवकर आला की चिखलात राशी भिजतात, फळाला बुरशी धरते, म्हणून त्या दिवशी सगळे घाईत होते. एका शेतकऱ्याने तरी यंत्र थांबवून ओंजळभर फळं हातात ठेवली. वाळवण्याआधीची हेझलनट चवीला ओल्या नारळाच्या जवळ जाते. पुस्तकांचं नाव काढताच तो म्हणाला, "आमच्या आजोबांचं पान आहे त्यात. सन चुकलाय, पण पान आहे."

तो सन का चुकतो, तेही सांगण्यासारखं आहे. १४ फेब्रुवारी १८५९ला ऑरेगन राज्य झालं. त्याआधी आलेला तो 'पायोनिअर', असा मान रूढ झाला. सीमेवरच्या वर्षी आलेल्यांच्या आठवणी मग एक-दोन वर्षं मागे सरकतात. उलट तपासणीला सर्वात बरा कागद म्हणजे जमिनीच्या अर्जाची फाइल.

दिवस तिसरा: सेलम

राजधानीचं शहर, गाडी लावायची, आत बसायचं, संध्याकाळी बाहेर यायचं. वर्णन करण्यासारखं बाहेर काही घडलं नाही, दिवसभर पाऊस. पण कामाचं सर्वात जास्त इथेच झालं.

राज्याच्या अभिलेखागारात हंगामी सरकारच्या काळातले कागद आहेत. जमिनीच्या डोनेशन फाइलींची मायक्रोफिल्म १०८ रिळांची आहे. मालिका क्रमांक एम ८१५. पोर्टलंडच्या जीनिऑलॉजिकल फोरमने त्या फाइलींचे सारांश खंडांमध्ये छापलेत. आधी तो खंड उघडायचा, मग रीळ. फाइलीत काय मिळतं: अर्जदाराचा जन्म कधी आणि कुठे, लग्न कधी आणि कुठे, बायकोचं नाव, जमिनीवर कधी उतरला, आणि शेजाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं.

इथे हमखास होणारी चूक सांगतो. प्रत्येक दाव्याला दोन क्रमांक असतात: अर्ज केला तेव्हाचा 'नोटिफिकेशन' क्रमांक आणि मंजुरीनंतरचा 'सर्टिफिकेट' क्रमांक. गावच्या पुस्तकांत नुसतं 'क्लेम नंबर' लिहितात. चुकीच्या क्रमांकाने रीळ लावलं की भलत्याच माणसाची फाइल समोर येते, आणि अर्धा तास वाचून झाल्यावर लक्षात येतं. क्रमांकाबरोबर जमीन-कचेरीचं नावही टिपून ठेवा. ऑरेगन सिटी आणि रोझबर्ग या निराळ्या कचेऱ्या, क्रमांक निराळे.

जमिनीचा पत्ता वाचायला शिकायला दहा मिनिटं लागतात, आणि सातबारा वाचता येणाऱ्याला तर पाच. सगळी मोजणी पोर्टलंडजवळच्या एका बिंदूपासून. तिथून सहा-सहा मैलांचे चौकोन, म्हणजे टाउनशिप. 'टी ४ एस, आर २ डब्ल्यू' म्हणजे बिंदूपासून दक्षिणेकडे चौथा, पश्चिमेकडे दुसरा चौकोन. कालची शँपोएग आणि सेंट पॉल ही दोन्ही गावं याच चौकोनात. एका टाउनशिपमध्ये ३६ सेक्शन, एक सेक्शन ६४० एकरांचा. पण डोनेशनचे दावे पुष्कळदा मोजणीच्या आधीचे, म्हणून नकाशावर ते चौकोन न पाळता वेडेवाकडे, ओढ्याकाठाने वळलेले दिसतात. जिथे जुनी वस्ती, तिथे नकाशा वाकडा.

मोजणीची साखळी ६६ फुटांची, शंभर कड्यांची. हे वाचताना आपल्या गुंठ्याची आठवण झाली. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा. या साखळीच्या बरोबर निम्म्याचा चौरस. एक साखळी चौरस म्हणजे चार गुंठे, दहा साखळी-चौरस म्हणजे एकर. पुणे-सातारच्या बांधावर आणि या खोऱ्यात इंग्रजी मोजणीचं एकच घराणं चाललं.

मोजणीदारांच्या वह्या स्कॅन होऊन ऑनलाइन आहेत, फुकट. कोपऱ्यावर खुंट ठोकला की जवळच्या झाडांची जात, जाडी, दिशा आणि कड्यांमधलं अंतर लिहायचे. खुंट हरवला तरी झाडं साक्ष देतील म्हणून. मैलामागून मैल काय दिसलं तेही त्यात आहे: मोकळं गवताळ रान, तुरळक ओक, माती पहिल्या प्रतीची. घनदाट फरचं जंगल डोंगराकडे. म्हणजे 'जंगल तोडून शेती केली' हे वाक्य जिथे जिथे येतं, तिथे त्या चौकोनाची वही उघडून बघा. खोऱ्याचं मोकळं रान इथल्या मूळ रहिवासी कालापुया लोकांनी राखलेलं होतं. उन्हाळ्याच्या शेवटी ते गवत पेटवत. त्याने झुडुपं वाढत नसत, कामास नावाच्या निळ्या फुलांच्या कंदाला जागा राहायची, शिकारीला मैदान मिळायचं. पायोनिअरांना नांगरायला तयार मिळालेली जमीन ती ही.

दिवस चौथा: ब्राउन्सव्हिल

सकाळी ऊन. महामार्ग ५च्या २१६ क्रमांकाच्या फाट्यावरून पूर्वेला वळलं की दहा मिनिटांत कालापुया नदीकाठचं हे गाव. वाटेत गवताच्या बियाण्याची शेतं क्षितिजापर्यंत, नुकती पेरलेली, वर मेंढ्या.

१८४६ला अलेक्झांडर कर्कने इथे नदी ओलांडायची नाव सुरू केली, म्हणून आधीचं नाव कर्क्स फेरी. १८५३ला जेम्स ब्लेकलीने गाव आखलं आणि मामा-काका यांपैकी जे नातं असेल त्या ह्यू ब्राउनचं नाव दिलं. इंग्रजी 'अंकल'ने आपली पंचाईत होते ती अशी. वंशावळी मराठीत उतरवणाऱ्यांनी 'अंकल', 'कझिन' तसेच ठेवावेत; अंदाजाने काका लिहिलं की पुढची पिढी ते खरं धरते.

लिन काउंटीचं (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) ऐतिहासिक संग्रहालय १८९०च्या रेल्वे स्थानकात आहे, आणि शेजारी उभ्या केलेल्या जुन्या डब्यांमध्ये प्रदर्शनं. टेबलाशी ऐंशीच्या घरातल्या एक आजी बसल्या होत्या, स्वयंसेवक. त्यांनी विचारलं ते थेट: "कुठलं घराणं?" घराणं नाही, पुस्तकं बघायची आहेत, म्हटल्यावर त्या उठल्या आणि मागच्या कपाटातून एक टंकलिखित जाड चळत आणली.

लेस्ली हॅस्किनच्या मुलाखती त्या. १९३०च्या दशकात मंदीतल्या सरकारी रोजगार योजनेतून तो लिन काउंटीतल्या म्हाताऱ्यांकडे जायचा, ऐकायचा आणि घरी येऊन टंकित करायचा. मूळचा तो रानफुलांचा अभ्यासक. पॅसिफिक किनाऱ्याच्या रानफुलांवरचं त्याचं पुस्तक १९३४चं. त्याला बारीक बघायची सवय होती ती मुलाखतींत उतरली आहे. वर्गणीच्या पुस्तकांत माणसं 'आली, वसली, भरभराटली'. इथे ती काय खायची, चूल कुठे होती, धान्य कशात ठेवायची, ते येतं. या खोऱ्याबद्दल एकच गोष्ट वाचायला वेळ असेल तर १८८५चं सोनेरी कडांचं पुस्तक नको, ह्या मुलाखती वाचा.

तरी वाचण्याची शिस्त हवी. प्रत्येक मुलाखतीच्या वर तीन गोष्टी लिहून ठेवा: सांगणाऱ्याचा जन्म कधीचा, घटना कधीची, सांगितलं कधी. १८६०ला जन्मलेली व्यक्ती १८४७चा प्रवास सांगत असेल तर ती आईकडून ऐकलेलं सांगते आहे. ते टाकाऊ नाही, पण त्याची जागा वेगळी.

दुपारी १८७८चा नकाशासंग्रह पाहिला, मॅरिअन आणि लिन काउंट्यांचा, सॅन फ्रान्सिस्कोच्या एडगर विल्यम्स आणि कंपनीने काढलेला. प्रत्येक टाउनशिपच्या पानावर मालकाचं नाव आणि एकर. मधे शेतांची शिळाछाप चित्रं: कुंपण रेघेसारखं सरळ, फळझाडं सैनिकांसारखी ओळीत, अंगणात बग्गी. चित्राचे पैसे मालकाने दिलेले. पण कोपऱ्यात बघा. धान्याचं कोठार घराच्या दुप्पट काढलेलं असतं, आणि तिथे चित्रकार खरं बोलतोय. इथे गव्हालाच पैशाची किंमत होती. नाण्यांच्या टंचाईमुळे १८४५ला हंगामी सरकारने गहू कायदेशीर चलन ठरवला होता.

आजींनी संग्रहालयातर्फे दाखवलं जाणारं १८८१चं मॉयर हाउसही बघायला लावलं, आणि जाताना बजावलं, "जूनमध्ये या, पायोनिअर पिकनिकला." ती १८८७पासून दरवर्षी भरते. कुटुंबं डबे घेऊन जमतात, आणि घरातले जुने फोटो तेव्हा बाहेर निघतात. माहिती गोळा करणाऱ्याला त्याहून चांगला दिवस नाही. जेवण गावातल्या छोट्या हॉटेलात: मसूरचं सूप, आणि मॅरिअनबेरीचा 'पाय', म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ. ही बेरी इथल्याच विद्यापीठाशी जोडलेल्या संशोधनातून १९५६ला बाहेर आली, मॅरिअन काउंटीचं नाव घेऊन. आंबट-गोड, रंग जांभळासारखा, डाग तसाच न जाणारा. पुस्तकाजवळ खाऊ नका.

छोट्या संग्रहालयांचं थोडं: बहुतेक स्वयंसेवकांवर चालतात, चारला बंद होतात, सोमवारी बऱ्याचदा उघडतच नाहीत. वेळ संकेतस्थळावर बघून भागत नाही, आदल्या दिवशी फोन करा. प्रवासात एका गावी लिहिलेल्या वेळेला पोचून कुलूप बघावं लागलं. फक्त शिसपेन्सिल न्या. फोटो फ्लॅशशिवाय, आधी मुखपृष्ठाचा, मग पानाचा, पानाचा क्रमांक दिसेल असा. पुस्तकाला सूची नसेल तर 'फाइलींचं कपाट' मागा. घराण्यांच्या नावाने कात्रणं लावलेली असतात. विक्रीला असलेली पुस्तकं तिथेच घ्या. ऑरेगनमध्ये विक्रीकर नाही, आणि पैसे मंडळालाच जातात.

दिवस पाचवा: सोप क्रीक, ग्रँड रोंड आणि तो बिंदू

कोरव्हॅलिसच्या उत्तरेला सोप क्रीकचं छोटं खोरं आहे, मुख्य खोऱ्याच्या कुशीत. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना ओक, फांद्यांवरून लोंबणारं करडं दगडफूल. घरं फार थोडी. १९४२ला इथे कँप अडेअर ही लष्करी छावणी आली आणि शेतकरी कुटुंबांना उठावं लागलं. त्यामुळे या खोऱ्याचा इतिहास घरांवरून वाचता येत नाही. मोकळ्या कुरणात एकटंच सफरचंदाचं झाड दिसलं की तिथे कोणाचं तरी अंगण होतं असं समजायचं. झाडांखाली सडा पडला होता.

इथे लेटिशिया कार्सन राहायची. केंटकीत गुलामीत जन्मलेली काळी स्त्री. १८४५ला आयरिश डेव्हिड कार्सनबरोबर ट्रेलवरून आली. मुलगी मार्था वाटेतच झाली. डेव्हिडने ६४० एकरांचा दावा केला होता. त्यांचं लग्न कायद्याने धरलं नाही, म्हणून तो ३२०वर आला. १८५२ला डेव्हिड वारला. ग्रीनबेरी स्मिथ नावाचा शेजारी मालमत्तेचा व्यवस्थापक झाला, आणि तिला व मुलांना वारस न मानता सगळ्याचा लिलाव केला. स्वतःच्याच घरातली भांडी-अंथरुणं तिने लिलावात पैसे मोजून परत घेतली.

मग तिने दावा लावला. काळ्या लोकांना या प्रदेशात येऊन राहायला बंदी करणारे कायदे होऊन गेलेले आणि पुन्हा होऊ घातलेले, तो हा काळ. १८५५ला तिला ३०० डॉलर मिळाले. गुरांसाठी दुसरा दावा. १८५६ला १,२०० डॉलर. पुढे दक्षिणेला डग्लस काउंटीत तिने १८६३ला होमस्टेड कायद्याखाली (राहून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणारा कायदा) स्वतःच्या नावाने जमिनीचा अर्ज केला, १८६९ला ती तिच्या नावावर पक्की झाली. 

बेंटन काउंटीचं मोठं इतिहासपुस्तक १८८५चं, वर्गणीचं. त्याची रचनाच अशी की तिच्यासारखीला त्यात पान मिळणं नव्हतं. तिची हकीकत उभी राहिली ती कोर्टाच्या कागदांतून: लिलावाची यादी, साक्षी, गुरांची मोजदाद. ईविंग यंगच्या बेवारस गुरांसाठी सरकार स्थापन झालं. तिच्या गुरांसाठी तिला कोर्टात जावं लागलं, तेही कायदे तिच्या विरुद्ध बांधलेले असताना, आणि तरी ती जिंकली. प्रत्येक काउंटीत वारसा-प्रकरणांचे असे गठ्ठे आहेत. गावच्या पुस्तकात ज्यांचं नाव एका ओळीत येऊन जातं, विशेषतः विधवा, गडी, अनाथ मुलं, त्यांना तिथे शोधा.

तिची जमीन आज ऑरेगन स्टेट विद्यापीठाच्या गुरांच्या फार्मात आहे. आत जायला परवानगी नाही. रस्त्यावरून दिसतं तेवढं बघायचं. काळी गुरं चरत होती.

तिथून ग्रँड रोंड तासाभरावर, कोस्ट रेंजच्या पायथ्याशी. वाट चढते तसा पाऊस वाढतो. १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला हिवतापाच्या साथीने खोऱ्यातल्या कालापुयांची गावंच्या गावं ओस पडली. वॅगनी आल्या तेव्हा 'खोरं रिकामं होतं' असं पुस्तकांच्या पहिल्या पानावर येतं ते या साथीनंतरचं दृश्य. उरलेल्यांशी २२ जानेवारी १८५५ला डेटन इथे करार झाला, आणि १८५६ला त्यांना इतर जमातींबरोबर इकडे हलवलं. १९५४ला केंद्र सरकारने जमातींची मान्यताच काढून घेतली. २२ नोव्हेंबर १९८३ला ती परत मिळाली.

इथलं चाचालू संग्रहालय जमातींचं स्वतःचं आहे. दालनातल्या काकूंनी कामासचा भाजलेला कंद दाखवला, काळसर, खजुरासारखा. खड्ड्यात तापलेल्या दगडांवर दोन दिवस मुरवला की त्यातलं इन्युलिन, म्हणजे एरवी न पचणारं कर्बोदक, मोडून गोड होतं. कच्चा पचत नाही. आणि एक इशारा, जो कुठल्याही पाककृतीआधी लिहायला हवा: पांढऱ्या फुलांचा 'डेथ कामास' विषारी असतो आणि कंद सारखाच दिसतो. म्हणून खणायचं ते फुलं असताना, निळी खात्रीने दिसल्यावर. "आमच्या आज्या पांढरी आधीच उपटून टाकायच्या," त्या म्हणाल्या. "शेत राखणं याला म्हणतात."

भाषा-अभ्यासक मेल्विल जेकब्सने जमवलेले कालापुया भाषेतले मजकूर १९४५ला छापले गेले, मूळ भाषा आणि इंग्रजी समोरासमोर. खोऱ्याच्या इतिहासाच्या कपाटात ते पुस्तक पहिलं ठेवावं.

परतताना पोर्टलंडच्या पश्चिम टेकड्यांवर, स्कायलाइन बुलेव्हार्डपाशी थांबलो. फलक छोटा आहे, वेग कमी ठेवला नाही तर निसटतो. गाडी दोन-तीनच मावतात. फरच्या झाडांतून थोडं खाली उतरलं की विलॅमिट स्टोन: मोजणीचा तो बिंदू. ४ जून १८५१ला जॉन प्रेस्टनने इथे खुंट ठोकला. १८८५ला त्या जागी दगड आला. आता स्टेनलेस स्टीलची खूण आहे. डेटनच्या करारावर सह्या व्हायला तेव्हा साडेतीन वर्षांच्या वर अवकाश होता. खुणेवर पानं पडली होती, ओली. ती बाजूला केली की अक्षरं नीट वाचता येतात.